फुटबॉल : कोयता १

रविवारी दुपारी पावणेदोन वाजता, रॉटरडॅमच्या स्टेडियमबाहेर, बिभीषणने प्रवासी कंपनीचे पाकीट उघडले. आत एकच तिकीट होते. त्याने पाकीट उलटे करून झटकले, पण दुसरे पडले नाही. उत्तरेश्वरने तिकीट हातात घेऊन वाचले. नावाच्या जागी इंग्रजीत छापले होते : मिस्टर कोयता.

"हा कोण बे?" त्याने विचारले.

बिभीषणला उत्तर माहीत होते. ते त्याने पाकिटाकडे बघतच सांगितले.

दोघेही गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचे. बिभीषण ऊसतोड मजुरांचा मुकादम. सव्वीस वर्षे तो टोळ्या घेऊन कारखान्यांवर जात होता आणि दोन वर्षांपासून सहकारी दूध संघाचा संचालक होता. उत्तरेश्वर गावच्या दूध संस्थेचा सचिव. संघाचा हॉलंडचा अभ्यासदौरा दुष्काळ पडण्याआधी मंजूर झाला होता. निघायची वेळ आली ती २०१६च्या एप्रिलमध्ये. तोपर्यंत गावचे रोजचे दूध सहाशे लिटरवरून एकशेचाळीसवर आले होते आणि गुरे छावणीत होती. जाऊ नये असे सगळ्यांनाच वाटत होते आणि सगळेच गेले.

आठ दिवस त्यांनी गोठे पाहिले. एका शेतकऱ्याने जमिनीतले पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप दाखवला. तो बंद पडला तर शेत बुडेल, असे तो म्हणाला. जेवताना एक संचालक म्हणाला, "ह्यो पंप उलटा फिरवून गेवराईला पाठवा म्हणावं." दोघे-तिघे हसले.

नववा दिवस मोकळा होता. पुण्याच्या प्रवासी कंपनीने निघण्याआधीच फॉर्म दिला होता : फुलांची बाग, बाजार की फुटबॉल सामना. फुटबॉलसमोर बिभीषणने लिहिले, 'कोयता १'.

मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे हत्यार नव्हे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. एकटा माणूस हा अर्धा कोयता. दोन माणसांना एक लिहायची त्याच्या हाताला सव्वीस वर्षांची सवय होती. पुण्यात फॉर्म वाचणाऱ्याने कोयता नावाच्या गृहस्थाचे एक तिकीट काढले.

"म्हणजे आपुन नवराबायको," उत्तरेश्वर म्हणाला. "बायको कोण तेवढं सांग."

"हसू नको बे. मला लई वाईट वाटायलंय."

दरवाज्यावर पिवळे जाकीट घातलेली एक वयस्क बाई होती. उत्तरेश्वरने बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतचे सगळे इंग्रजी एकत्र करून तिला विचारले. तिकिटे संपली होती. अर्धा वेळ एक आणि अर्धा वेळ दुसरा, असे चालेल का? तिने मान हलवली. बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेत नव्हते. "वन टिकट, वन मॅन," ती म्हणाली, आणि सावकाश बोट वर करून दाखवले.

"तू जा," बिभीषण म्हणाला.

"संचालक तू हायस."

"मी कवा फुटबॉलला लात मारली का? तू जा. आन् शेवटपर्यंत बस. मधीच उठून आलास तर बघ."

'शेवटपर्यंत' का, हे दोघांनाही ठाऊक होते. १९८६च्या दुष्काळात उत्तरेश्वर अंबाजोगाईला शिकत होता आणि कॉलेजच्या संघाचा गोलकीपर होता. औरंगाबादला आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना होता. आदल्या दिवशी बिभीषण एसटीने वसतिगृहावर आला. त्याचे वडील भगवानराव तेव्हा मुकादम होते. निरोप त्यांचा होता : उत्तरेश्वरच्या आईचा हात मोडला, बापाचा कोयता अर्धा पडला, ट्रकमध्ये अर्धा कोयता घेणार नाही, पोराला घेऊन ये. उत्तरेश्वर तासाभरात निघाला. त्या हंगामात त्याने बापाच्या मागे मोळ्या बांधल्या. पुढचे दोन हंगाम तेच झाले. कॉलेज सुटले. अंतिम सामन्याचा निकाल काय लागला, हे त्याने कधी कोणाला विचारले नाही.

ट्रक सुटला तो चार दिवसांनी.

हे बिभीषणला पुढे आयुष्यभर टोचत राहिले. दौऱ्यात सचिवांचा एक प्रतिनिधी असावा, असा ठराव त्यानेच मांडला होता. नावही त्यानेच सुचवले होते.

उत्तरेश्वरने मफलर नीट केला, तिकीट घेतले आणि आत गेला. वळून बघितले नाही.

बिभीषण रस्त्यापलीकडच्या बाकावर बसला. वारा गार होता. अडीचला सामना सुरू झाला तसा आतून आवाज आला, मग तो एकसारखा येत राहिला. थोड्या वेळाने एकदम मोठा गलका उठला. गोल झाला असावा. कोणी केला ते कळायचा मार्ग नव्हता.

तीन वाजता फोन वाजला. परदेशात चालणारा फोन एकट्या बिभीषणकडे होता. उत्तरेश्वरच्या घरच्यांनाही तोच नंबर दिलेला होता. छावणीतून उत्तरेश्वरची बायको सत्यभामा बोलत होती.

"भाऊजी, गाय बसलीय ती उठंना. गाभण हाय. यांना द्या जरा."

"वैनी, उत्तरेश्वर आत हाय. कवापासून बसलीय?"

"सकाळपासून. डाक्टरचा फोन लागंना."

बिभीषणने जनावरांच्या डॉक्टरला तीन वेळा फोन लावला. चौथ्यांदा लागला. डॉक्टर गेवराईत होते, दुसऱ्या छावणीत. दीड तास लागेल म्हणाले. त्याने सत्यभामाला तसे सांगितले. गाईला टेका द्या, पाणी पाजा, असेही सांगितले. "पानी?" एवढेच म्हणून तिने फोन ठेवला.

मध्यंतर झाले. काही माणसे धूर काढायला कुंपणाजवळ आली. त्यांत उत्तरेश्वर नव्हता. पिवळ्या जाकिटाची बाई दरवाज्यातच उभी होती. तिला सांगितले असते तर तिने माणूस शोधून आणला असता. खुर्चीचा नंबर बिभीषणला पाठ होता. तो उठून रस्ता ओलांडून तिच्यापर्यंत गेला. तिने भुवया उंचावल्या. त्याने बोट वर केले, घड्याळ दाखवले. पण बाहेर आलेल्याला पुन्हा आत जाता येणार नव्हते. त्याने मान हलवली आणि परत बाकावर येऊन बसला.

पावणेचारला पुन्हा फोन आला. तिकडे सव्वासात वाजले होते.

"गेली," सत्यभामा म्हणाली. "यांना द्या."

"तिथं फोन जात न्हाई, वैनी."

"मानूस तर जात आसंल."

बिभीषणने घड्याळ पाहिले.

"किती वेळ लागंल?"

"पाऊण तास."

"पंचनामा झाल्याबिगर हलवता येत न्हाई म्हनतेत. अंधार पडायलाय. कुत्री येत्यात." ती थांबली. "बसते मी हितंच."

"एकटी हायसा?"

"मग दुसरं कोन हाय?"

सव्वाचारपासून काही लोक बाहेर पडू लागले. तेवढ्यात आतून पहिल्यापेक्षा मोठा आवाज झाला. दहा मिनिटांनी उरलेले लोक बाहेर येऊ लागले. उत्तरेश्वर जवळजवळ शेवटी आला. मफलर हातात होता, तोंड लाल झाले होते, आणि तीस वर्षांत बिभीषणने त्याला इतके भरभर चालताना पाहिले नव्हते.

"एक-एक!" तो लांबूनच म्हणाला. "शेवटच्या मिनटाला गोल फिटवला बे. आर्धे लोक उठून गेलते. त्यांना दिसलाच न्हाई. मी बसलो व्हतो."

बिभीषणने त्याला बसायला सांगितले. मग गाईचे सांगितले.

"कवा?"

"पयला फोन तीनला. गेली पावणेचारला."

उत्तरेश्वरने मनात हिशेब केला. "म्हणजे मधल्या सुट्टीच्या आदी कळलं व्हतं तुला."

"येऊन तरी काय केलं असतंस? दोन दिवस लागत्यात जायला."

"बोललो आसतो तिच्याशी."

उत्तरेश्वरने फोन मागून घेतला आणि चार पावले पुढे गेला. त्याचे बोलणे तुटक ऐकू येत होते. "मी हाय... व्हय... आजून एकटीच हायस का?... कंदील हाय का?... बरं. बोलत राहा." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. डॉक्टर पोहोचले, तेव्हा त्याने फोन ठेवला.

परत येऊन त्याने फोन बिभीषणच्या हातात दिला.

"तवा निरोप आणलास. आज दाबलास," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दोन्ही येळेला तूच ठरवलंस. मला इचारलंस का कवा?"

"चुकलंच माझं."

"सामना बगाय मिळाला. त्ये न्हाई म्हनत न्हाई मी."

हॉटेलकडे जाणाऱ्या बसला बारा मिनिटे होती. थांब्यावर बसायला जागा असूनही दोघे उभे राहिले. उत्तरेश्वरने तिकिटावरचे नाव पुन्हा एकदा वाचले आणि ते स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवले.

बस वळणावर दिसली तेव्हा तो म्हणाला, "त्यांचा गोलकीपर लई पुढं यायलता. पयल्यापासून मला दिसत व्हतं, ह्यो मार खानार."

"मग?"

"मग काय? खाल्ला," उत्तरेश्वर म्हणाला, आणि बसमध्ये चढला.