जेवणाच्या वाटेवरचं कॉलेज

आमच्या घरात बंगळूरला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असायचा, जेवायचं कुणाकडं. कशासाठी जायचं हा प्रश्न फार नंतर यायचा, आणि कधीकधी यायचाच नाही. अण्णा म्हणजे माझे वडील नरसिंहराव, कोलारच्या तालुका कचेरीत हेडक्लार्क. हॉटेलचा कप त्यांनी जन्मात तोंडाला लावला नव्हता. बाहेरगावी गेले की आपल्याच मठाच्या माणसाच्या घरी, आंघोळ करून, सोवळ्यात शिजलेलं जेवायचं. तशी सोय नसली की केळी खाऊन राहायचं. आणि एका नातेवाइकाकडं जेवून दुसऱ्याकडं न जेवता परतलो तर दुसरा वर्षभर रुसायचा. त्यामुळं आमचा प्रवास म्हणजे पानावरून उठायचं आणि पुढच्या पानावर बसायचं.

बासष्ट सालच्या आषाढात मात्र प्रवास माझ्यासाठी होता, निदान मला तसं वाटत होतं. मी पीयूसी, म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष, पास झाले होते आणि मला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. कोलारच्या कॉलेजात प्रयोगाच्या तासाला आम्ही तिघी मुली मुलांच्या मागं उभ्या राहून त्यांच्या खांद्यांवरून बघायचो. पूर्ण वर्षात काचेची नळी माझ्या हातात एकदाच आली, तीही धुवायला. बंगळुरात बायकांचं एक कॉलेज होतं. तिथं मुलींची स्वतःची प्रयोगशाळा होती आणि हॉस्टेलही होतं. प्रिन्सिपॉलबाई मुलीला वडिलांसकट समोर बसवून बोलायच्या, मगच जागा द्यायच्या. त्यांच्या भेटीची मुदत एकादशीच्या दिवशी दुपारी संपत होती.

"मग आधी कॉलेज उरकू," मी म्हटलं.

"आधी जेवण," अण्णा म्हणाले. "कॉलेजात दहा जणांना शिवून परत आलं की पुन्हा आंघोळ. दुसऱ्याच्या घरी दोन-दोनदा पाणी कसं मागायचं?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे मला होतं, पण कुणी ऐकणारं नव्हतं. अम्मानं, माझ्या आईनं, डोळ्यांनीच मला गप्प केलं.

पहिल्या दिवशी पान होतं चामराजपेटेत, अण्णांचे चुलतभाऊ जयतीर्थकाका यांच्याकडं. काकांची पूजा लांबत लांबत दीड वाजेपर्यंत गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते, आणि काका देवाला एकेक तुळशीपान असं वाहत होते की जणू देवालाही दुसरं काम नाही. पान वाढलं तेव्हा माझी भूक मेली होती. जेवताना अण्णांनी विचारलं, "तुझी माडीवरची खोली रिकामीच असते ना?"

"असते की," काका म्हणाले. "पण पावसाळ्यात गळती. कुणाला ठेवायच्या लायकीची नाही."

अण्णा बरं म्हणाले आणि ताकभाताकडं वळले. वामकुक्षी झाल्याशिवाय काकांनी सोडलं नाही. कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा शिपाई कुलूप लावत होता. "नाळे बन्नी," तो म्हणाला. उद्या या. मी फाटकाच्या गजांतून आत बघितलं. लांब व्हरांड्यात दोन मुली पांढरे कोट घालून बोलत चालल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं हातातलं पुस्तक वाऱ्यासाठी पंख्यासारखं हलवलं, एवढंच मी त्या दिवशी कॉलेज बघितलं.

दुसऱ्या दिवशी पान मल्लेश्वरमला, अनुसूयामावशीकडं. मी सकाळीच सांगून ठेवलं होतं की आज तरी लवकर निघू. मावशीनं तर मला आवडते म्हणून पुरणपोळी केली होती, आणि माझ्या आवडीपायी माझंच कॉलेज बुडालं याचा राग मी कुणावर काढणार? पुरण वाटून होईतो बारा वाजले. अण्णांनी जेवताना मावशीला विचारलं, इथून शहरात जायला बस मिळते का, मुलीच्या जातीला सुरक्षित आहे का.

"बस आहे हो भावोजी," मावशी म्हणाली. "पाण्याचीच पंचाईत. पहाटे स्वल्प येतं, सोवळ्यापुरतं पण होत नाही. एक माणूस जास्त झालं की हाल."

अण्णा पुन्हा बरं म्हणाले. मला कळेना, ऐन मुदतीच्या तोंडावर हे लोकांच्या गळक्या खोल्या आणि नळ कशाला मोजत बसलेत. कॉलेजात पोचलो तर प्रिन्सिपॉलबाई मीटिंगला गेलेल्या. शिपायानं आता आम्हाला ओळखलं. "उद्या दुपारपर्यंतच," त्यानं बजावलं.

उद्या एकादशी. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात खूश होते, कारण हे मी कोलारहून निघतानाच पंचांगात बघून ठेवलं होतं. एकादशीला कुणी जेवत नाही. कुणी जेवत नाही म्हणजे कुणी जेवायला बोलावत नाही. बंगळूरच्या सगळ्या नातेवाइकांच्या चुली त्या दिवशी थंड राहणार, आणि अण्णांना कॉलेजात जाण्यावाचून दुसरं काही उरणार नाही. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते की पुढचं दिसलंच नाही.

आम्ही उतरलो होतो राजाजीनगरला, कमलाआत्याकडं. तेव्हा राजाजीनगर म्हणजे नवी घरं आणि मधे मधे उघडं मैदान. आत्याचे यजमान आणि मुलगा गुंडू दोघंही कारखान्यात होते. गुंडू चांगला मुलगा होता. त्याच्याविरुद्ध माझं काही नव्हतं, फक्त तो ताकभात असा ओरपायचा की शेजारच्या खोलीत ऐकू यायचं. त्या संध्याकाळी मी दिवा लावायला काड्यापेटी आणायला गेले, तर स्वयंपाकघरात आत्या अण्णांशी बोलत होती.

"ठेवून घेते की अण्णा. पण पाहुणी म्हणून तीन वर्षं कशी ठेवू? घरात तरणा मुलगा. गुंडूला देऊन टाक. सून म्हणून राहू दे, मग किती शिकायचं तितकं शिकू दे."

 अण्णा म्हणाले, "बघू."

 आमच्यात आत्याच्या मुलाला मुलगी देतात, त्यात नवल काही नाही. नवल हे की मी इतकी बावळट कशी राहिले. कॉलेजचं फाटक मला लांबून दाखवायचं आणि सोयरीक इथं जमवायची. म्हणून आधी जेवण, म्हणून नाळे बन्नी. त्या संध्याकाळी मी अण्णांशी एक शब्द बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा आणखी राग आला.

सकाळी मी चांगलं पातळ नेसून तयार झाले, तर अण्णा सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं टाकून दारात उभे.

"चला, मठात," ते म्हणाले. "मुद्रा घ्यायच्यात."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. आषाढी एकादशीला स्वामी होमात तापवलेल्या शंखचक्रांच्या मुद्रा अंगावर उमटवतात. आम्ही दरवर्षी मुळबागलला जाऊन घ्यायचो. यंदा बंगळुरात आहोत तर चुकल्या, असं मी धरून चालले होते. बंगळुरातही मठ असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. जन्मभर दर आषाढात मनगटं भाजून घेऊनही मी फक्त चुलींचाच हिशेब केला होता.

मठात रांग रस्त्यापर्यंत आलेली. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. रांग पुढं सरकायची, मग स्वामी मुद्रा पुन्हा तापवायचे, मग थांबायची. माझ्या पुढच्या बाई सारख्या म्हणत होत्या, "स्वल्प थांब, होतंय," आणि मला त्यांना ढकलून पुढं जावंसं वाटत होतं. शेवटी दोन्ही मनगटांवर चटका बसला. दरवर्षी मी डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवशी उघडे ठेवले, कारण मिटले असते तर मी रडले असते.

अण्णा अंगणात भेटले. छातीवर, दंडांवर ताज्या मुद्रा, कपाळाला अंगारा. साडेअकरा होऊन गेले होते.

"आता राजाजीनगरला जाऊन कोट घालून परत येईतो दुपार होईल," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि अम्मा पदर ओढत होती, तरी मी थांबले नाही. "तुम्हाला तेच हवंय. मी सगळं ऐकलंय. मला गुंडूशी लग्न करायचं नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तुला कोण म्हणालं लग्न?"

"आत्या."

"ती म्हणाली. मी हो म्हटलं का?"

"नाही पण म्हटलं नाहीत."

ते सरळ रस्त्याकडं निघाले. मठाच्या फाटकाशी एक जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, उभा होता, आणि पुढं बसलेल्या मुसलमान गाडीवानानं घोड्याचा लगाम आवरून धरला होता. जटक्यात तिघं नीट मावत नव्हतो, म्हणून आम्हा दोघींना मागं बसवून अण्णा पुढं, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले.

"अहो, सोवळ्यात?" अम्मा म्हणाली. "आणि असे उघडे?"

"सरी," अण्णा म्हणाले. असू दे.

कॉलेजच्या शिपायानं त्यांना वर्गणीला आलेले भटजी समजून फाटकातच अडवलं. मग मला बघून ओळखलं आणि सोडलं. व्हरांड्यातून जाताना मुली बाजूला होऊन हसल्या. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच वेळी त्या हसणाऱ्या मुलींच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. अण्णा उपरणं छातीवर घट्ट धरून सरळ चालत राहिले. चटक्यांवर कापड घासत असणार.

प्रिन्सिपॉलबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं, पण काही दाखवलं नाही. माझे मार्क बघितले, मला दोन प्रश्न विचारले. मग कन्नडात अण्णांना म्हणाल्या, "तुमच्यासारख्या घरातल्या मुली येतात, महिनाभर हॉस्टेलचं जेवत नाहीत आणि आजारी पडून घरी जातात. जागा वाया जाते. म्हणून मी वडिलांना आधीच विचारते. स्वयंपाक सगळ्यांचा एक. कोण शिजवतं, काय घालतं, हे विचारायचं नाही. शहरात तुमचं कुणी असेल तर तिकडं ठेवा."

"तीन घरी विचारलं," अण्णा म्हणाले. "सोय होत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चामराजपेटेतली गळकी खोली, मल्लेश्वरमचं पाणी, आत्याची अट. मी कॉलेज बघायला आले होते, आणि अण्णा प्रत्येक पानावर बसून माझ्या तीन वर्षांच्या जेवणाची जागा शोधत होते. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तसं सांगायची आमच्याकडं रीतच नव्हती.

"मग?" बाईंनी विचारलं.

अम्मानं पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. अण्णा खाली फरशीकडं बघत होते. ज्या माणसानं स्वतः कुणाच्या घरचं पाणी विचारल्याशिवाय घेतलं नव्हतं, तो म्हणाला, "इथं जे शिजेल ते जेवेल."

बाईंनी कागद पुढं सरकवला आणि अण्णांनी सही केली. मला जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं उजाडताच उरकलं. आत्यानं वाढलं, पण बोलली नाही. गुंडूनं मात्र माझी ट्रंक बसपर्यंत आणून दिली आणि "चांगलं शीक," म्हणाला. मला त्याच्याबद्दल जरा वाईट वाटलं.

कोलारच्या बसमध्ये मी अण्णांच्या शेजारी बसले. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण एक गोष्ट सकाळपासून टोचत होती. आत्याच्या स्वयंपाकघरात मी पानं मांडत असताना ती टोचायला लागली होती. होस्कोटे मागं पडल्यावर मी विचारलं.

"हॉस्टेलात जेवून सुट्टीला घरी आले की मी स्वयंपाकघरात जायचं का?"

"नाही," अण्णा म्हणाले. विचार करायलाही थांबले नाहीत.

"पंगतीला?"

"देवाचा नैवेद्य असतो. नाही."

"मग मी जेवायचं कुठं?"

"पडवीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीन दिवस माझा जीव टांगणीला लावून, मला शिकायला पाठवून, शेवटी मला माझ्याच घरात उंबऱ्याबाहेर बसवणार. मनगटं चुरचुरत होती. म्हटलं आता भांडायचंच, बस भरलेली असली तरी भांडायचं.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "तुझ्या अम्माला सांगितलंय," ते म्हणाले. "तू आलीस की माझं पानही पडवीतच मांडायचं."

"तुम्ही कुठं हॉस्टेलात जेवणार आहात?"

"मी जेवणार नाही," अण्णा म्हणाले. "पण पाठवलं मीच."

मी मागं वळून बघितलं. मागच्या बाकावर अम्मा डोळे मिटून बसली होती, पण ती झोपलेली नव्हती.