मुका फेरा

"त्याला त्या टोळक्यात परत नेऊ नकोस. हसत हसत केसानं गळा कापणारी माणसं आहेत ती," असं आई तिला म्हणाली, तेव्हा ती आपल्या बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. "हो गं," म्हणून तिनं विषय उडवून लावला. धाकट्या भावाबद्दल आईचं हे नेहमीचंच. मामानं सत्तरी ओलांडली तरी आईला तो शेंबडाच वाटायचा.

बंदरावरच्या जुन्या वाद्यवृंदांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्याची माहिती लिहायचं काम तिच्याकडे होतं. बाळाला कडेवर घेऊन तिनं गोदीमागच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. खलाशी परदेशातून तबकड्या आणायचे, इथले वादक त्यातल्या चाली उचलायचे आणि खलाशांच्याच क्लबात त्या वाजवून त्यांच्याच टाळ्या घ्यायचे. पुढे लाउडस्पीकर आले, क्लबांची गोदामं झाली. मामा त्या जमान्यातला क्लॅरिनेटवाला. मुक्या फेऱ्याची गंमत तिला त्यानंच सांगितली.

वृंदात नवा गडी आला की त्याला ही सलामी. सगळे गाल फुगवून, माना डोलावून वाजवल्याचं सोंग करायचे. आवाज म्हणून काढायचा नाही. नव्याला वाटायचं, आपले कान गेले! तो पांढराफटक पडला की सगळे खो-खो हसायचे. हसल्याशिवाय फेरा संपायचा नाही, असा नियमच होता. "मी तर रडलो होतो गं," मामा हसून हसून डोळे पुसायचा.

आता त्याचा डावा कान खरोखरच गेला होता आणि उजवा कधी जाईल, ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि सरदाराला. सरदार म्हणजे ड्रमवाला, वृंदाचा म्होरक्या. उद्घाटनाला जुन्या मंडळींनी वाजवावं असं तिनंच सुचवलं. सरदारानं चारचौघांत मामाच्या पाठीवर थाप मारली. "ये की! फुंकायला कान कशाला लागतात?" मामानं क्लॅरिनेटला नवी पत्ती बसवली.

तालमीत बाळ किरकिरायला लागलं, म्हणून ती त्याला पाजायला जिन्यात जाऊन बसली. आतला आवाज थांबला. चहा आला असेल, तिला वाटलं. बरंच झालं, पिल्लू झोपेल.

आत काय झालं ते व्हायोलिनवाल्या काकांनी नंतर सांगितलं, तिच्याकडे न बघता. ड्रमच्या काड्या चामड्याच्या केसभर वर थांबत होत्या, गज तारांना शिवत नव्हता. मामानं सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि त्याला उमगलं. 'कळलं रे, भामट्यांनो' अशा अर्थी त्यानं बोट नाचवलं आणि हसू फुटायची वाट बघत उभा राहिला. सरदारानं सगळ्यांवर डोळे वटारले होते. कुणी हसलं नाही. सोंग चालूच राहिलं. मामाचं हसू ओठांवरच वाळलं. त्यानं क्लॅरिनेट पेटीत ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेला.

"हसला का नाहीत?" तिनं सरदाराला विचारलं.

"हसलो असतो तर थांबला असता ना," तो काड्या पुसत म्हणाला. "बहिऱ्याला स्टेजवर उभा करून शोभा करायची होती का आमची? तोंडावर नको म्हटलं असतं, तर तूच बोंबलली असतीस."

ती तशीच मामाकडे धावली. "मामा, मुका फेरा होता तो!"

"मग हसले का नाहीत?"

"तुला घालवायचं होतं म्हणून! माझं बोलणं येतंय ना ऐकू?"

"बोलणं येतं. गाणं गेलं." त्यानं बाळाच्या गालाला बोट लावलं. "तुझी आई लहानपणी अशीच समजूत काढायची माझी."

मोबाईलवर गाणं लावायला तिनं पर्समध्ये हात घातला, तर त्यानं तो हात घट्ट धरला. खात्री करून घ्यायची त्याची छाती नव्हती.

तेव्हापासून तो तिला दार उघडत नाही. फोन बंद आहे. दुधाची पिशवी आत जाते, एवढंच शेजारी सांगतात.

गोदीमागच्या गल्लीत दोरखंडाच्या दुकानावर तिसरा मजला. तुम्ही त्या बाजूला गेलात तर तिचं एवढं ऐका. कडी जोरात वाजवा. तिचं नाव काढू नका. दार उघडलंच तर त्याच्या उजव्या बाजूला उभे राहा, आणि तो जेवतोय ना, धड आहे ना, एवढं बघून या.