हात मांडीखाली

रागिणीचा दोष एकच, पण शिकवणाऱ्या माणसाला तो असू नये असा. तिला दुसऱ्याचं चुकलेलं बघवत नसे. पोरगं जरा अडखळलं की "सरक जरा" म्हणत ही बसलीच कीबोर्डवर. अमरावतीत तिच्या माडीवर दर रविवारी पोरंपोरी ओपन सोर्स शिकायला यायची. म्हणजे कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं, गावोगावच्या लोकांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर आपल्याही हातानं सुधारायचं. आणि सुधारत कोण होतं? तर ही बाई.

यातच शाकीबचं झालं. त्याच्या नावानं गेलेली दुरुस्ती मुळात हिनं लिहिलेली. संत्र्या-कापसाचे भाव मोबाइलवर दाखवणारं ते सॉफ्टवेअर अकोल्याचा संघपाल सांभाळायचा. त्यानं सगळ्यांसमोर त्या दुरुस्तीबद्दल साधा प्रश्न विचारला आणि पोराची बोबडी वळली. शाकीब पुन्हा माडी चढला नाही. संघपालनं रागिणीला ठणकावलं, "ताई, असं आणखी एकदा दिसलं तं तुमच्या वर्गाचं काहीच घेणार नाही मी." आणि तो बोलला म्हणजे बोलला. त्याच्यापुढे अकोल्याचं ऊनही मवाळ.

आज आचलची पाळी होती. शेंदूरजनाघाटची पोर, घरची संत्र्याची बाग. दुपारच्या लिलावात भाव बदलला तरी मोबाइलवर सकाळचाच दिसतो, हे तिनंच हेरलं आणि दुरुस्तीही तिनंच लिहिली. नवी आवृत्ती दिवेलागणीला बाहेर पडणार होती. त्याआधी संघपालनं व्हिडिओ कॉल लावला. रागिणी शेजारी बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"वरूड अन् चांदूर बाजार, दोन्ही मंड्यांतून एकदमच भाव आला तं ही दुरुस्ती काय करते?" संघपालनं विचारलं.

आचल आपलीच दुरुस्ती पडद्यावर वरखाली सरकवत पुन्हा वाचू लागली. रागिणीला उत्तर ठाऊक होतं, अगदी ओठांवर आलं होतं. बोल गं बाई, काहीतरी बोल, ती मनात म्हणत होती. मांडीखालचा हात निघून कीबोर्डवर कधी गेला, तिलाही कळलं नाही.

"मॅडम, हात काढा."

आचल हळूच म्हणाली, पण कॉल चालूच होता. रागिणीनं हात झटकन मागे घेतला. बुडाला वर्ग. इतक्या पोरांचं दार आपल्याच हातानं बंद केलं. संघपाल पडद्यावरून नुसता बघत होता.

"मले नाही मालूम, सर," आचल म्हणाली. "करून पाह्यतो अन् सांगतो."

तिनं करून पाहिलं. वरूडच्या नावापुढे चांदूर बाजारचा भाव येऊन बसला.

"चुकलं," ती म्हणाली. "हे असंच गेलं असतं तं माह्या बाबानंच माल भलत्या बाजारात नेला असता."

"दिवेलागणीपर्यंत वेळ हाये," संघपाल म्हणाला. "कर. ताई, तुमी खोलीत नका थांबू."

रागिणी गच्चीवर गेली. आतून बटणांचा आवाज यायचा आणि मध्येच थांबायचा. तो थांबला की हिचा जीव खालीवर. आपण बसलो असतो तर एव्हाना झालंही असतं, असं वाटायचं आणि स्वतःचाच संताप यायचा. दोनदा ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. समोरच्या घरातले दिवे लागले.

आचल बाहेर आली. तोंड उतरलेलं होतं.

"नाही झालं. आवृत्ती गेली."

रागिणीला रडूच यायला लागलं. "संघपाल काय म्हणाला?" तिनं कसंबसं विचारलं.

"म्हणे, पुढच्या आवृत्तीत पहिलं हेच घेतो. अन् म्हणे, हात काढायला लावणारी पोर हाये तं वर्ग चालू ठेवा, खुर्ची मात्र पोराईची." आचलनं ओढणीनं कपाळ पुसलं. "अर्धं झालं हाये. मी बसतो परत. तुमी चहा मांडा."

रागिणीनं मुकाट्यानं चहा मांडला. आधण येईपर्यंत तिनं शाकीबला फोन लावला.

"रविवारी येतं का, बाप्पा?"

शाकीबनं उलट विचारलं, "तुमी कुठं बसान, मॅडम?"

"मी चहा करतो," रागिणी म्हणाली.