सासूबाई अमेरिकेला जाणार नाहीत

माझी बायको पहिल्यांदा वारली तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी शेजाऱ्यांकडे टीव्हीसमोर भुईमुगाच्या शेंगा खात बसलो होतो. पडद्यावर पांढऱ्या फुलांत चाइ-फंगचा मोठा फोटो, आणि फोटोपुढे एक देखणा परका माणूस गुडघे टेकून ओक्साबोक्शी रडत होता. शेजारीण माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा. शिका जरा."

ती चाइ-फंगची पहिली भूमिका. भूमिका म्हणजे नुसता फोटोच. नायकाची स्वर्गवासी पत्नी. दिग्दर्शक तिला म्हणाला होता, "पोरी, तुझा चेहरा मागे उरलेल्यांना विसरता येणार नाही असा आहे." तिला ती स्तुती वाटली, मलाही वाटली. पुढची चाळीसेक वर्षं ती स्तुती तिच्या पाठी लागली. चाइ-फंग क्षयाने गेली, पुरात गेली, बाळंतपणात गेली, सवतीने सूपात विष कालवलं म्हणून गेली. वय वाढलं तशी नायकाची बायको होती ती नायकाची आई झाली, पण जाणं काही चुकलं नाही. एका सिनेमात तर ती पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत खाटेवर मेलेलीच होती आणि बाकीचे तिच्याभोवती वाटणीवरून भांडत होते. चित्रण चालू असताना तिच्या नाकावर माशी बसली. चाइ-फंग हलली नाही. दिग्दर्शकाने माशी तशीच ठेवली. पुढे परदेशात त्या माशीचे फार खोल अर्थ लावले गेले. नाकाबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही.

नटाने मेल्याचं सोंग घेतलं की निर्मात्याने त्याला पैशांचं लाल पाकीट द्यायचं, म्हणजे अपशकुन उतरतो. त्या रात्री घरी डुकराच्या खुरांचा रस्सा आणि बारीक शेवया खायच्या, म्हणजे उरलासुरलाही उतरतो. मरणं तिचं काम, शेवया माझं. स्कूटर दुरुस्तीचं दुकान जावयाच्या हवाली केल्यापासून माझ्याकडे तेवढंच एक काम राहिलं आहे आणि ते मी मन लावून करतो.

मालिका संपली की असे अंत्यविधीचे फोटो जाळून टाकायची रीत आहे. जिवंत माणसाचा तसला फोटो घरात कोण ठेवणार? पण चाइ-फंगने एकही जाळू दिला नाही. "मेहनत करून मेले आहे मी," ती म्हणायची. "फुकट नाही." तैनान शहरातल्या आमच्या अरुंद घराच्या जिन्यात ते फोटो खालपासून वरपर्यंत लावलेले आहेत. पहिल्या पायरीशी दोन वेण्यांची पोरगी, शेवटच्या पायरीशी पांढऱ्या केसांची म्हातारी, अपशकुन झाकायला सगळ्यांवर लाल फडकी. इतर नट्यांच्या घरात बाहुल्या असतात पुरस्काराच्या. आमच्याकडे ही भिंत आहे. गॅसवाला सिलिंडर दारात ठेवतो आणि वर यायचं नाव काढत नाही.

गेली काही वर्षं रात्री आठच्या मालिकेत ती थोरल्या सासूबाईंचं काम करत होती. या सासूबाईंनी सुनेला कॉलर धरून घराबाहेर काढलं, नातू लपवला, मिठागरं गिळली. त्यामुळे बाजारात चाइ-फंगची फार प्रतिष्ठा होती. मासेवाली आ-लुआन तिला बघितलं की सुरा फळीवर आपटायची.

"आधी सुनेला घरात घे, मग मासा मागायला ये!"

"अगं लुआन, लिहिणारा लिहितो तसं मी करते."

"तुला तोंड नाही? सांग त्याला! घरात तर मोठी जीभ चालते तुझी. मी बघते ना रोज."

मग आ-लुआन तिच्या पिशवीत सबाही माशाचा शेपटीकडचा तुकडा टाकायची. सबाहीत आधीच काटे फार आणि शेपटीत काट्यांखेरीज दुसरं काही नसतं. पोटाचा लुसलुशीत तुकडा मागितला तर आ-लुआन म्हणायची, "तो माणसांसाठी आहे." चाइ-फंग ती शेपटी घेऊन ताठ मानेने घरी यायची. "आज दोनदा आपटला सुरा," मला सांगायची. "ज्यांना काम जमत नाही ना, त्यांना पोटाचा तुकडा मिळतो."

अशा बाईला एका सकाळी निर्मात्याचा फोन आला की सासूबाई आता अमेरिकेला चालल्या.

आमच्या मालिकांत ज्या पात्राचं काय करायचं ते कुणाला सुचत नाही ते अमेरिकेला जातं. एकदा गेलेलं परत येत नाही, कुणी त्याची चौकशीही करत नाही. मोटारीत बॅग ठेवायची, मोटार निघून जायची, संपलं. सासूबाईंना मरू न देण्याचं कारण असं होतं की मालिकेचा खर्च शक्तिवर्धक अर्क विकणारी एक कंपनी द्यायची. सासूबाई प्रत्येक भागात कट रचता रचता त्यांची छोटी बाटली रिकामी करायच्या. वर्षानुवर्षं अर्क पिणारी बाई मेली तर लोक काय म्हणतील, असा कंपनीचा प्रश्न होता. प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता.

चाइ-फंगने फोन खाली ठेवला. "मी आयुष्यात एकदाही अर्धवट मेले नाही," ती म्हणाली. "आणि ही माझी सगळ्यात मोठी भूमिका. हिला मरण नाही? बॅग घेऊन मोटारीत बसू?" सत्तरी जवळ आली होती. पुन्हा इतकं मोठं काम मिळेल न मिळेल. या सासूबाईंसाठी तिने पदरमोड करून फोटोही काढून घेतला होता, चौकट करून तयार. मग ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेली. रागावली की ती कपड्यांच्या घड्या फार नीट घालते, त्यामुळे वेळ लागतो.

मी म्हटलं, निदान तो फोटो भिंतीवर कसा दिसतो ते तरी बघू. जिन्याच्या वरच्या टोकाला खिळ्यावर टांगला, लाल फडकं काढलं. डास फार झाले होते म्हणून तिथल्या फळीवर दोन-चार उदबत्त्या लावल्या. समोर फोटो होता हा काही डासांचा दोष नव्हे.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. निर्माता कुओ पो-हान स्वतः आला होता, फळांची पेटी घेऊन, समजूत काढायला. तिशीचा पोरगा. माझ्या मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, औषधाच्या थेंबांनी डोळे लाल, वाहत होते. अंगात पांढरा सदरा. माझे सगळे सदरे पांढरेच आहेत. मी काही न बोलता त्याला वर चलायची खूण केली, कारण गुडघे दुखत असले की मला चढताना बोलवत नाही.

वर पोचल्यावर त्याने फोटो पाहिला, धूर पाहिला, मग माझे डोळे पाहिले. फळांची पेटी त्याच्या हातातून खाली आदळली.

"काका... कधी?"

"आज सकाळी तर चांगली होती," मी म्हणालो. "बाजारातसुद्धा जाऊन आली."

"आणि मग?"

"मग तुमचा फोन आला."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पो-हान मटकन गुडघ्यांवर बसला. फळीवरच्या उदबत्त्या काढून त्याने दोन्ही हातांत धरल्या. "फंगमावशी, चुकलो हो मी. अमेरिकेचं मला मनापासून पटलं नव्हतं. अर्कवाल्यांना घाबरलो. माझी आजी रोज रात्री तुमच्या नावाने बोटं मोडायची. शेवटच्या आजारात औषधाला तोंड लावायची नाही. मग विचारायची, ती सटवी मेली का? मी म्हणायचो, नाही गं आजी, अजून आहे. की लगेच प्यायची औषध! म्हणायची, तिला मेलेली बघूनच जाईन. माझी आजी तुमच्यामुळे दोन पावसाळे जास्त जगली, मावशी, आणि मी तुम्हाला मोटारीत बसवायला निघालो होतो! मी तुम्हाला मरण देणार. असं मरण, की अख्खं तैनान जेवायचं विसरेल. शब्द देतो."

"पूर्ण भाग?" वरून आवाज आला.

गच्चीच्या जिन्यावर चाइ-फंग उभी होती, हातात कपड्यांच्या घड्या. बऱ्याच वेळापासून उभी असावी. समोरच्याचा संवाद चालू असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही तिची जुनी शिस्त.

पो-हानचा चेहरा माझ्या सदऱ्याहून पांढरा झाला. "मावशी, तुम्ही..."

"मला सवय आहे. पूर्ण भाग देणार की नाही ते बोल."

"पू... पूर्ण भाग."

"ऊठ मग. आणि रडताना नाक असं मुठीने पुसू नकोस, चेहरा झाकला जातो."

पो-हानने हातातल्या उदबत्त्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "डास फार झालेत यंदा."

उदबत्ती हातात धरून फोटोसमोर दिलेला शब्द मोडायची छाती आमच्याकडे कुणाची नाही. टीव्हीवाल्यांची तर नाहीच नाही, ते चित्रणाचा मुहूर्तही देवाला विचारल्याशिवाय धरत नाहीत. तरी पोरगा कळवळून म्हणाला, "पण मावशी, अर्कवाल्यांना काय सांगू?"

"सांग, सासूबाई शेवटची बाटली स्वतः पीत नाहीत. सुनेला देतात. सून वाचते, सासू मरते." तिने घड्या फळीवर ठेवल्या. "न प्यायल्यामुळे मेली. आणखी काय पाहिजे त्यांना?"

कंपनी इतकी खूश झाली की अंत्यविधीची पांढरी फुलं त्यांनी पाठवली.

चित्रणाला मी सहसा जात नाही. त्या दिवशी गेलो. चाइ-फंग खाटेवर पडली होती आणि सून उशाशी बसली होती. तिने बाटली सुनेच्या हातात दिली. त्यानंतर संवाद होता, चांगला लांबलचक, पश्चात्तापाचा. चाइ-फंगने तो म्हटलाच नाही. तिने हात उचलला आणि सुनेच्या कॉलरची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. हीच कॉलर धरून तिने तिला घराबाहेर काढलं होतं. कड सरळ झाली, आणि हात तिथेच राहिला.

थांबा म्हणायचं दिग्दर्शकाला सुचलं नाही. दिवे धरणारे दिवे धरून उभे. इतक्या वेळा हिला मेलेली पाहिलेला मी, शेवया घरी भिजत घालून आलेला, तरी माझी नजर तिच्या छातीवर गेली. श्वास दिसेना. आजूबाजूला शंभर माणसं होती आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ही माझी बायको आहे.

मग तिने एक डोळा उघडला. "पाकीट?"

भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या सकाळी मीही तिच्याबरोबर बाजारात गेलो. आ-लुआनचे डोळे सुजलेले होते. चाइ-फंगला बघून तिने सुरा उचलला, पण आपटला नाही.

"मेली ना तू काल?"

"मेले."

"सुनेला जवळ घ्यायला मरायला लागलं तुला! आधी घेतलं असतंस तर?"

"आधी घेतलं असतं तर तू बघितलं असतंस?"

आ-लुआनने नाक ओढलं, मासा चिरला आणि पोटाचा तुकडा, जाड, पांढराशुभ्र, कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकला. "घे. एवढं नीट मेल्यावर शेपटी कशी देऊ?"

घरी येऊन चाइ-फंगने तो तुकडा ओट्यावर ठेवला आणि कंबरेवर हात देऊन बघत राहिली. चेहरा फुललेला होता, पण कपाळाला एक बारीक आठी.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण याची सवय लागायला नको." मग मला म्हणाली, "पो-हानचा फोन आला होता. पुढच्या मालिकेत विधवा सावकारीण आहे. स्वतःच्या भावाला विष घालते."

"शेवटी काय होतं तिचं?"

"ते मी लेखी घेतलंय."

मी हातोडी घेऊन जिना चढलो. थोरल्या सासूबाई सरळ केल्या, लाल फडकं नीट बसवलं. खालून तिचा आवाज आला, "चढलाच आहात तर शेजारी अजून एक खिळा ठोकून ठेवा."