चिंचेवरची वसाहत

प्राणिशास्त्राच्या पहिल्याच वर्षी मुस्कानला एक नाव चिकटलं होतं, 'जीवदयावाली'. जळगावच्या जैन कापड व्यापाऱ्याची ही मुलगी. मेलेला उंदीर चिरायलाही तिचा हात धजला नाही आणि सगळी प्रयोगशाळा हसली. म्हणून पीएच.डी.साठी वटवाघळांचा विषय घेताना तिने मनाशी पक्कं केलं होतं, आपण फक्त बघायचं. कनवाळूपणा आड येऊ द्यायचा नाही.

तिची वटवाघळं फैजपूरजवळ, अभिमन चौधरींच्या केळीबागेच्या बांधावर, एका जुन्या चिंचेला लटकलेली असायची. शेकड्यांनी. कोल्ह्यासारखं तोंड, तांबूस मान, अंगाभोवती लपेटलेले काळे पंख. कडक उन्हाळ्यात ती तग कशी धरतात, हे तिला शोधायचं होतं. सकाळच्या बसने यायचं, शेतातल्या घराच्या ओट्यावर बसायचं, तापमान आणि हालचाली टिपायच्या. अभिमननानांची बायको कुंदाबाई ताक आणून द्यायची आणि विचारायची, "दिवसभर उलटं लटकेल पाहून तुह्यं डोकं नाही फिरत का वं, बाई?"

मे महिन्यात एके दिवशी दुपारी पारा शेहेचाळीसच्या वर गेला. बागेतून येणारा वारासुद्धा भाजत होता. वटवाघळांनी आधी पंखांनी वारा घेतला, मग स्वतःची छाती आणि पंख चाटून ओले केले. त्यानंतर ती धापा टाकू लागली. एकेक करून सावलीसाठी खाली सरकली आणि बुंध्याजवळ एकमेकांना चिकटून गोळा झाली. मुस्कान भराभर लिहीत होती. हे सगळं तिने वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होती.

मग एक वटवाघूळ पडलं. धप्पकन. पाठोपाठ दुसरं.

ओट्यावर आडवे झालेले नाना उठून बसले. "मरतीन का हे?"

"बरीच मरतील, नाना. ऊन उतरायला अजून वेळ आहे."

"मंग?"

तिसरी पडली ती मादी होती, तिच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं होतं. मादी हलेना. पिल्लू मात्र तोंड उघडून ओरडत होतं. मुस्कानने पेन खाली ठेवलं. आता उठलं तर आजच्या नोंदी गेल्या, आणि ते जुनं नावही खरं ठरलं, हे तिला कळत होतं. तरी ती उठली.

"नाना, पाणी पाहिजे. झाडावर मारायला."

"शेतीची लाइट रातची हाये. मोटर कशी चालीन?" नाना म्हणाले. "फवारणीचा पंप देतो."

"त्यात औषध होतं ना? नको, ती अंग चाटतात."

कुंदाबाई दारातून म्हणाली, "घरावरची टाकी भरेल हाये की. लाव नळी."

"अक्का, घराला पाणी?" मुस्कानने विचारलं.

"हंडाभर हाये प्यायाले. बाकीचं रातच्याले पाहू."

नळी बुंध्याजवळ नेली. "हळू," मुस्कान म्हणाली, "ओरडू नका. घाबरून उडाली तर उन्हातच मरतील." नानांनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून बारीक फवारा उडवला. वटवाघळं क्षणभर बिचकली, मग ओल्या फांद्या आणि एकमेकांचे पंख चाटू लागली. टाकी संपेपर्यंत तिघं आळीपाळीने नळी धरून उभी होती. मुस्कानने जाड हातमोजे घालून पिल्लू उचललं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलं. ऊन कललं तसं पडणं थांबलं. चिंचेखाली मेलेली थोडीच होती. वरची वसाहत संध्याकाळी आवाज करत केळीबागेवरून चरायला निघून गेली.

मुस्कान त्या रात्री नानांकडेच थांबली, पण पिल्लू वाचलं नाही. पहाटे गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने मार्गदर्शक मॅडमना फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"कालची दुपार तक्त्यातून काढ," मॅडम म्हणाल्या. "पण प्रबंधात लिही. निरीक्षकाने हस्तक्षेप केला, असं सरळ लिही. पाणी मारल्यावर ती किती वेळात सावरली, पाहिलंस का?"

"पाहिलं, मॅडम. वेळ नाही लिहिली. हातात नळी होती."

"मग पुढच्या वेळी एकाने नळी धरायची आणि एकाने घड्याळ. वेगळं प्रकरण होईल त्याचं. आधी नीट आखणी करून पाठव."

फोन ठेवून ती हसली.

नाना चिंचेखाली उभे राहून वर बघत होते. "ठिबकची जुनी नळी पडेल हाये माह्याजवळ," ते म्हणाले. "या फांदीवरून नेता यीन. जळगावहून येताना दोन-चार फॉगर घेऊन येशीन का? बारीक धुकं सोडणारे?"

"आणते, नाना."

"अन् त्याहिले शिवायचं नाही ना आपून?"

"नाही. फक्त पाणी द्यायचं."

नाना शिडी आणायला गेले. मुस्कान ओट्यावर बसली आणि तिने त्या दिवसाची पहिली नोंद केली.