गाडीतली बासरी

“गाडी कसली दाखवताय, आधी ह्यांचे कान दाखवा,” सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. सासू-सासऱ्यांचे टोमणे म्हणजे आमच्या घरातला रेडिओच. दिवसभर चालू असतो, लक्ष कोण देतं! शिवाय मला धास्त्या काय कमी होत्या? माझी ठमी नऊ महिन्यांची. ती शिंकली तरी मी थर्मामीटर शोधायचे.

आणि सासऱ्यांचे कान? बाबा आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायचे, तो नुकताच भांडून आलाय की काय, तेही सांगायचे. अशा कानांवर संशय घ्यायचा?

तर बाबांना गाडीतली गाणी फिकी वाटू लागली होती.

“बासरी कुठे गेली?” ते विचारायचे. “पिळून भरलीत ही पेनड्राइव्हमध्ये. रस त्यांनी ठेवून घेतला, चोथा आपल्याला.”

मग तीच गाणी मोठ्या फायलींमध्ये पुन्हा उतरवली. बासरी आली नाही. नवे स्पीकर आले. अॅम्प्लिफायर आला आणि डिकीत ऐसपैस बसला. ठमीची बाबागाडी माझ्या मांडीवर आली. दारं थरथरतात म्हणून आतून जाड रबरी थर चिकटवला, तेव्हापासून डावी काच खाली होईना. कुणाला पत्ता विचारायचा तर दार उघडून उतरायचं.

“आता कसं वाटतंय?”

“छान, बाबा.” खरं तर बासरी दाढेत घुसत होती. ट्रेबल, म्हणजे उंच सुरांचं बटण, त्यांनी पार टोकाला नेऊन ठेवलं होतं. पहिल्याच सुराला ठमीने भोकाड पसरलं.

“बघ, दाद देतेय!”

“देत नाहीये, मागतेय,” सासूबाई म्हणाल्या.

तरी रोज दुपारी बाबा ठमीला मागच्या सीटवर, पाठमोऱ्या लावलेल्या तिच्या खुर्चीत बसवून एक चक्कर मारून आणत. “बसल्या बसल्या झोपली. चूं नाही की चां नाही,” असं कौतुकाने सांगत. परत आली की तिचं नाक लाल असे. मी सर्दी समजून थर्मामीटर लावत असे.

एकदा आम्ही सगळे ठमीच्या लसीसाठी निघालो. मी आवर्जून गाणी बंद करायला लावली. बाबा गाडी मागे घेऊ लागले. भिंत जवळ आली तसा सेन्सर टी टी करू लागला. मग टीटीटीटी. मग एकच लांब किंचाळी.

“बाबा, भिंत!”

धाड्! इंजिन बंद पडलं. बाबांनी हँडब्रेक ओढला, उतरून भिंत पाहिली, बंपर पाहिला आणि तणतणत आले. “नव्या वायरिंगने सेन्सरही गेला! एक आवाज काढला नाही लेकाच्याने!”

सेन्सर अजून किंचाळत होता. 

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता टोमणा येणार, अशी माझी खात्री होती. आला नाही.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, मग जरा मोठ्याने, “अहो, तो वाजतोय.”

“आत्ता?”

“आत्ता.”

बाबांनी दारातून डोकं आत घातलं आणि तसेच वाकून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

“दुपारी मी हिला न्यायचो... ती झोपायची ना गं?”

“झोपायची, बाबा.”

त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली.

कानांची तपासणी झाली. यंत्र अजून तयार व्हायचंय. तोवर गाडी मी चालवते, बाबा मागे ठमीशेजारी बसतात. मी गाणं लावलं की ते तळहात दारावर, स्पीकरच्या जाळीवर टेकवतात. गाणं संपलं, तरी हात लगेच काढत नाहीत.

तुमच्याही घरात कुणी स्पीकर बदला, फाइल बदला म्हणत असेल, तर दुकानात मागाहून जा. ते पाठमोरे बसलेले असताना, नेहमीच्याच आवाजात, एकदा हाक मारा. वळून बघतात का, तेवढं बघा.