जांभळं कापड

"जांभळं नको गो टाकूस," रेजिना मावशी म्हणाली होती. "जांभळं काढायसाठीच असतं."

रोवेना हसली होती. पापडी गावातल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहाची पुढची खोली रविवारी लोकांना उघडी असे, मागची रोवेनाच्या ताब्यात. देणाऱ्यानं दाखवू नका म्हटलेल्या वस्तूंच्या खोक्यांवर ती जांभळं कापड टाकायची, ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमधल्या मूर्तींवर टाकतात आणि ईस्टरला उतरवतात तसं. झाकलंय म्हणजे हात लावायचा नाही, हे गावात वेगळं सांगावं लागत नाही. कापड संग्रह चालवणाऱ्या एरॉल सरांनीच आणलं होतं.

मावशी तिची शेजारीण. रोवेनाचा जीव सदा टांगणीला: पोरीनं काही गिळलं तर नाही ना, ताप तर नाही ना. लेकीला, छोट्या टिफनीला, मावशीच्या मांडीवर ठेवलं की तेवढा वेळ तो टांगलेला जीव खाली यायचा. टिफनीला दात येत होते तेव्हा मावशीनं घरच्या बोलीतली एक अंगाई म्हटली. स्वतःच्या बाळासाठी, ॲन्सेल्मसाठी रचलेली. पाळण्यातच गेला तो. रोवेनानं आवाज टिपून ठेवू का विचारलं, तर मावशीनं निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"घे. पण मी हाय तवर कुणाला ऐकवायचं नाय."

रोवेनानं त्या रेकॉर्डिंगच्या खोक्यावर जांभळं टाकलं आणि ही अट एरॉल सरांना समोरासमोर सांगितली होती. "ऑफ कोर्स," ते म्हणाले होते.

ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांनी मागची खोलीही लोकांना दाखवायची ठरवली. झाकलेलं झाकलेलंच राहील, असं सांगून. रोवेनानंच मावशीला बोलावलं, टिफनीला घेऊन ये म्हणाली.

मावशी पोरीला कडेवर घेऊन दारात आली आणि आतून तिचाच आवाज आला. स्पीकरवर. राजोडीच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला आलेली मंडळी मोबाइल धरून उभी होती. एक बाई मान डोलावत म्हणाली, "सो क्यूट. रिंगटोन करायला पाहिजे."

मावशीनं टिफनीला रोवेनाच्या हातात दिलं आणि ती निघून गेली. टिफनी मात्र आवाज ओळखून स्पीकरकडे झेपावत होती.

"सर, कापड कुणी काढलं?"

"अगं, ईस्टर झाला. जांभळं उतरतंच. मला वाटलं, तुझं काम आटोपलं."

क्षणभर तिला ते पटलंही. आपल्या माणसाकडून अशी चूक सहज होते, असं वाटलं. मग तिचं लक्ष भिंतीवर गेलं. हातभर फ्लेक्स: मावशीचा फोटो, खाली 'ॲन्सेल्मची अंगाई'.

"हा छापायला कधी दिलात?"

एरॉल सर खुर्च्या सारख्या करू लागले. "झावळ्यांच्या रविवारच्या आधी. बंद खोलीला कोण विचारतं, रोवेना? आज बघ, किती माणसं आली."

म्हणजे ईस्टरला आठवड्याहून जास्त अवकाश होता, चर्चमधल्या मूर्ती झाकलेल्या होत्या, तेव्हाच यांनी मावशीला उघडं करायचं ठरवलं होतं. आणि मावशीच्या लेखी आवाज विकणारी एकच, रोवेना.

त्या दिवसापासून मावशीचं दार रोवेनासाठी उघडत नाही. आतून भांडं वाजतं, कधी तेही नाही. रोवेना टिफनीला घेऊन पायरीवर बसते, पोर दारावर थापा मारते.

तुम्ही पापडीला गेलात, तर चिकूच्या वाडीलगतचं हिरव्या दाराचं घर मावशीचं. जेवलीस का, एवढं तिला विचारा. रोवेनाचं नाव मात्र काढू नका.